नागपूरच्या वायुसेनानगरात नेमकं कोण बसतं? ‘एओसी-इन-सी’, ‘एसएमएसओ’, ‘एसओए’ या पदांचा अर्थ आणि अंतराळ दलाचा प्रश्न

नोव्हेंबर २०२२ मध्ये नागपुरात ‘एअर फेस्ट’ झाला, तेव्हा सूर्यकिरण पथकाची विमानं बघायला कितीतरी नागपूरकर गच्चीवर चढले होते. दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ फिरू लागले आणि त्यांच्यासोबत एक समजही फिरू लागला, की वायुसेनानगर म्हणजे लढाऊ विमानांचा मोठा तळ असणार.

प्रत्यक्षात सेमिनरी हिल्स आणि हजारीपहाडच्या बाजूला पसरलेल्या या वसाहतीत धावपट्टीच नाही. शहराचा विमानतळ तिकडे सोनेगावला. वायुसेनानगरात आहे ते भारतीय हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय. मराठी बातम्यांत याला कधी ‘अनुरक्षण कमान’, कधी ‘देखभाल विभाग’ असं लिहितात. इथे बसणाऱ्या अधिकाऱ्यांच्या हाती विमानाचा दांडा नसतो, पण ते विमान उद्या सकाळी उडेल की नाही, हे बऱ्याच अंशी त्यांच्या कामावर ठरतं.

या मुख्यालयातल्या पदांची नावं इतकी लांबलचक असतात की बातमी वाचताना आपण ती ओलांडून पुढे जातो. ‘एअर ऑफिसर कमांडिंग-इन-चीफ’, ‘सिनिअर मेंटेनन्स स्टाफ ऑफिसर’, ‘सिनिअर ऑफिसर इन-चार्ज अ‍ॅडमिनिस्ट्रेशन’. हे नेमके कोण, कोण कोणाचा साहेब, आणि आता भारतात लष्करी अंतराळ दलाची चर्चा सुरू असताना या पदांकडे का बघायचं, ते जरा सविस्तर पाहू.

आधी हुद्दा आणि पद यांतला फरक

गोंधळाचं मूळ इथे आहे. ‘एअर मार्शल’ हा हुद्दा आहे. ‘एअर ऑफिसर कमांडिंग-इन-चीफ’ हे पद आहे. महसूल खात्यात एखादी व्यक्ती आयएएस असते आणि त्या वेळी ती नागपूरची जिल्हाधिकारी असते, तसंच हे. बदली झाली की पद सुटतं, हुद्दा राहतो.

हवाई दलात वरचे हुद्दे चार. एअर कमोडोर म्हणजे एक तारा, एअर व्हाइस मार्शल म्हणजे दोन, एअर मार्शल म्हणजे तीन आणि एअर चीफ मार्शल म्हणजे चार. हे तारे गाडीच्या पाटीवर दिसतात. भूदलाशी जुळवायचं तर अनुक्रमे ब्रिगेडिअर, मेजर जनरल, लेफ्टनंट जनरल आणि जनरल. एअर चीफ मार्शल हा हुद्दा सेवेत असणाऱ्या एकाच व्यक्तीकडे असतो, ती व्यक्ती म्हणजे हवाई दल प्रमुख. त्याच्याही वर ‘मार्शल ऑफ द इंडियन एअर फोर्स’ हा पाच ताऱ्यांचा मान आहे, पण तो आजवर फक्त अर्जनसिंग यांना मिळाला, २००२ साली.

फोटोवरून ओळखायचं असेल तर बाहीवरच्या पट्ट्या बघा. एकच रुंद पट्टा असेल तर एअर कमोडोर. रुंद पट्ट्यावर एक बारीक पट्टी आली की एअर व्हाइस मार्शल, दोन आल्या की एअर मार्शल, तीन आल्या की प्रमुख. चारही पट्ट्या बारीकच असतील तर ते ग्रुप कॅप्टन, म्हणजे भूदलातल्या कर्नलच्या बरोबरीचे. सोशल मीडियावर ‘एअर मार्शल’ आणि ‘एअर चीफ मार्शल’ यांची सर्रास सरमिसळ होते, तेव्हा ही खूण लक्षात ठेवलेली बरी.

आणखी एक बारकावा. सगळे एअर मार्शल एका पातळीचे नसतात. कमांडचे प्रमुख आणि हवाई दलाचे उपप्रमुख यांना सातव्या वेतन आयोगानुसार दरमहा २,२५,००० रुपये असं ठरलेलं मूळ वेतन मिळतं. केंद्र सरकारच्या सचिवालाही तेवढंच मिळतं. हवाई दल प्रमुखांना २,५०,०००. बाकीचे एअर मार्शल या पातळीच्या खाली असतात. म्हणजे तारे तीनच, पण नागपूरच्या मुख्यालयात सर्वांत वरच्या खुर्चीवर बसलेल्या अधिकाऱ्याचं वजन इतर तीन-तारा अधिकाऱ्यांहून जास्त.

सात कमांड, त्यातली एक आपल्याकडे

हवाई दलाचे सात कमांड आहेत. त्यांपैकी पाच प्रत्यक्ष लढाईचे: पश्चिम कमांड दिल्लीला, नैर्ऋत्य गांधीनगरला, मध्य प्रयागराजला, पूर्व शिलाँगला आणि दक्षिण तिरुवनंतपुरमला. उरलेले दोन कामावरून ओळखले जातात, भूगोलावरून नाही. बेंगळुरूचा ट्रेनिंग कमांड माणसं घडवतो आणि नागपूरचा मेंटेनन्स कमांड यंत्रं जिवंत ठेवतो.

म्हणूनच नागपूरच्या प्रमुखाच्या हाताखालच्या संस्था विदर्भात एकवटलेल्या नाहीत, त्या देशभर विखुरलेल्या आहेत. कानपूर, चंदीगड, सुलूर, आवडी, दिल्लीजवळचं तुघलकाबाद, आणि आपल्याकडे पुणे नि नाशिकजवळचं ओझर. या ठिकाणी ‘बेस रिपेअर डेपो’ म्हणजे बीआरडी आहेत. साध्या भाषेत, विमानं, इंजिनं, रडार, क्षेपणास्त्रं यांची मोठी दुरुस्ती करणारे कारखाने. त्यांच्या जोडीला ‘इक्विपमेंट डेपो’ असतात, म्हणजे सुट्या भागांची अवाढव्य कोठारं. त्यातलं एक नाशिकच्या देवळालीत आहे.

देशाच्या मधोमध मुख्यालय का, ते नकाशा उघडला की कळतं. सीमेपासून दूर आणि चारही दिशांना जवळपास सारखंच अंतर.

एओसी-इन-सी: कमांडचा प्रमुख

‘एअर ऑफिसर कमांडिंग-इन-चीफ’ हे नाव तोंडात बसत नाही, म्हणून सगळे एओसी-इन-सी म्हणतात. हुद्दा एअर मार्शल. अलीकडच्या वर्षांत शशिकेर चौधरी, विभास पांडे, विजयकुमार गर्ग अशी नावं नागपूरकरांनी या पदावर वाचली असतील. प्रमुख वारंवार का बदलतात, असंही कुणी विचारतं. कारण साधं आहे. एअर मार्शल वयाच्या साठाव्या वर्षी निवृत्त होतात, आणि या खुर्चीपर्यंत पोहोचेपर्यंत त्यांच्या सेवेची दोन-एक वर्षंच उरलेली असतात. हवाई दल प्रमुखांना मात्र तीन वर्षं किंवा वयाची ६२ वर्षं, यातलं जे आधी येईल तितका काळ मिळतो.

या पदावरचा माणूस काय करतो, हे ओझरच्या उदाहरणावरून चांगलं कळेल.

ओझरला एकाच धावपट्टीच्या आजूबाजूला दोन वेगळ्या संस्था आहेत आणि लोक त्यांना कायम एकच समजतात. एक म्हणजे हिंदुस्थान एरोनॉटिक्स, म्हणजे एचएएल. ही सरकारी कंपनी आहे, तिने इथे मिग आणि पुढे सुखोई-३० एमकेआय विमानं बांधली. दुसरी म्हणजे ११ बेस रिपेअर डेपो. हा थेट हवाई दलाचा, गणवेशातल्या आणि नागरी कर्मचाऱ्यांचा, आणि नागपूरच्या हुकमाखाली चालणारा. लढाऊ विमानांची संपूर्ण दुरुस्ती करणारा हवाई दलाचा स्वतःचा डेपो हाच. त्याचा प्रमुख एअर कमोडोर हुद्द्याचा असतो.

एप्रिल २०१८ मध्ये ११ बीआरडीने आपलं पहिलं पूर्ण ओव्हरहॉल केलेलं सुखोई-३० हवाई दलाच्या लढाऊ तुकडीकडे सुपूर्द केलं. ओव्हरहॉल म्हणजे सर्व्हिसिंग नव्हे. विमान जवळजवळ सांगाड्यापर्यंत उघडतात, तारांचे जाळे, नळ्या, पंखांचे सांधे, सगळं तपासतात, खराब झालेलं बदलतात आणि पुन्हा जोडून उडवून बघतात. त्यासाठी हजारो सुटे भाग ठरल्या वेळी हाताशी लागतात. एक वॉशर आला नाही म्हणून कोट्यवधींचं विमान हँगरमध्ये उभं राहू शकतं. वायुसेनानगरातल्या प्रमुखाची खरी लढाई या वॉशरशी असते.

आता कानपूरचं उदाहरण. २००९ मध्ये भारताने युक्रेनशी एएन-३२ या मालवाहू विमानांच्या आधुनिकीकरणाचा करार केला. १०५ विमानांपैकी ४० युक्रेनमध्ये आणि ६५ कानपूरच्या १ बीआरडीत तयार व्हायची होती. २०१४ मध्ये रशियाने क्रिमिया घेतला, युक्रेन अस्थिर झालं आणि सुट्या भागांचा पुरवठा अडखळला. कानपूरचं काम रखडलं. सियाचीन आणि अरुणाचलकडे रसद नेण्याच्या कामात हीच विमानं लागतात, त्यामुळे हा विषय फायलीपुरता नव्हता. २०२२ पासून तर रशिया आणि युक्रेन दोघंही युद्धात आहेत, आणि आपल्या हवाई दलाची बरीच यंत्रं या दोन देशांतून आलेली. कोणता भाग देशात बनवून घेता येईल, तो कुठल्या कारखान्याकडून, त्याचा दर्जा कोण तपासणार, हे सगळे प्रश्न मेंटेनन्स कमांडच्या वाट्याला येतात. ‘स्वदेशीकरण’ हा शब्द भाषणात छान वाटतो, पण त्याचं रोजचं काम म्हणजे एका रबरी सीलची पाच वेळा चाचणी.

एओसी-इन-सीकडे संरक्षण मंत्रालयाने सोपवलेले आर्थिक अधिकारही असतात. ठरावीक रकमेपर्यंतची खरेदी तो दिल्लीला न विचारता मंजूर करू शकतो, मात्र आर्थिक सल्लागाराचा अभिप्राय घेऊन. हे अधिकार २०२१ मध्ये वाढवले गेले. कंटाळवाणा वाटणारा हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे, कारण फाईल दिल्लीला गेली की महिने जातात आणि विमान जमिनीवर राहतं.

त्याच्याकडे काय नाही, तेही सांगायला हवं. कुठल्या लक्ष्यावर हल्ला करायचा, कुठली तुकडी कुठे पाठवायची, हे निर्णय नागपुरात होत नाहीत. ते लढाऊ कमांडचं आणि दिल्लीच्या मुख्यालयाचं काम. त्यामुळे एखाद्या कारवाईनंतर ‘नागपूरहून आदेश गेले’ अशी पोस्ट दिसली तर ती पुढे ढकलू नका.

एसएमएसओ आणि एसओए: घराचे दोन खांब

प्रमुखाच्या खालोखाल दोन खुर्च्या महत्त्वाच्या. दोन्हींवर साधारणपणे एअर व्हाइस मार्शल असतात.

पहिली ‘सिनिअर मेंटेनन्स स्टाफ ऑफिसर’, म्हणजे एसएमएसओ. लढाऊ कमांडमध्ये उड्डाणाची बाजू बघणारा ‘सिनिअर एअर स्टाफ ऑफिसर’ हा प्रमुखाचा उजवा हात असतो. नागपुरात मुख्य काम देखभालीचं, म्हणून इथे एसएमएसओची खुर्ची केंद्रस्थानी. कुठल्या डेपोत यंदा किती विमानं, किती इंजिनं निघायला हवीत, किती निघाली, कमी का पडली, कोणता सुटा भाग कोठारात संपत आला, कुठल्या दुरुस्तीत वारंवार दोष निघतोय, याचा हिशेब इथे जमा होतो. मोठ्या कारखान्यातला प्रॉडक्शन हेड डोळ्यांसमोर आणा. फरक इतकाच की इथल्या चुकीची किंमत वैमानिकाच्या जिवाने मोजली जाऊ शकते.

दुसरी ‘सिनिअर ऑफिसर इन-चार्ज अ‍ॅडमिनिस्ट्रेशन’, म्हणजे एसओए. माणसं, घरं, शिस्त, सुरक्षा, हिशेब, शिक्षण, कल्याण हा सगळा पसारा त्यांच्याकडे. वायुसेनानगरात राहणाऱ्या सार्जंटच्या क्वार्टरचं छत गळत असेल किंवा एखाद्या डेपोतल्या नागरी कर्मचाऱ्यांचा प्रश्न अडला असेल, तर तो या बाजूने वर जातो. बाहेरून बघणाऱ्याला हे दुय्यम वाटतं. पण डेपोत वीस वर्षं एकाच इंजिनावर हात बसलेला तंत्रज्ञ नोकरी सोडून गेला, तर कुठल्याही एसएमएसओला तो महिनाभरात परत घडवता येत नाही.

या दोघांच्या हाताखाली एअर कमोडोर आणि ग्रुप कॅप्टन दर्जाचे अधिकारी आपापला विभाग सांभाळतात. वैद्यकीय बाजूला ‘प्रिन्सिपल मेडिकल ऑफिसर’ असतात. या पातळीवर नावं बरीच आणि बदल्याही बऱ्याच, त्यामुळे तपशिलात शिरत नाही.

मग दिल्लीत कोण?

नागपूरच्या प्रमुखाला वरिष्ठ कोण, हा प्रश्न स्वाभाविक आहे. दिल्लीच्या हवाई मुख्यालयात हवाई दल प्रमुख, त्यांच्या खाली उपप्रमुख आणि डेप्युटी चीफ असतात. त्याच रांगेत तीन ‘एअर ऑफिसर इन-चार्ज’ येतात: एक मनुष्यबळाचा, एक प्रशासनाचा आणि एक मेंटेनन्सचा. हा तिसरा, म्हणजे एओएम, आणि नागपूरचा एओसी-इन-सी यांची लोक हमखास गल्लत करतात. दोघंही एअर मार्शल, दोघांच्या पदात ‘मेंटेनन्स’.

दिल्लीतला एओएम धोरण ठरवतो. कोणतं विमान किती वर्षं वापरायचं, दुरुस्ती देशात करायची की परदेशी कंपनीकडे, कोणता करार करायचा. नागपूरचा प्रमुख प्रत्यक्ष कारखाने आणि कोठारं चालवतो. शाळेच्या भाषेत सांगायचं तर अभ्यासक्रम दिल्लीत ठरतो आणि वर्ग नागपूरच्या हुकमाने भरतात. नागपूरचा प्रमुख हा दिल्लीतल्या एओएमचा हाताखालचा अधिकारी नाही, तो कमांडचा धनी म्हणून हवाई दल प्रमुखांना उत्तरदायी असतो.

अभियंता हवाई दल प्रमुख होऊ शकतो का?

या लेखातला सगळ्यात टोचणारा भाग हा आहे. नागपूरच्या या पदावर सर्वसाधारणपणे अभियांत्रिकी शाखेचा अधिकारी येतो. बेंगळुरूजवळ जालहळ्ळीच्या एअर फोर्स टेक्निकल कॉलेजात प्रशिक्षण घेतलेला, आयुष्य हँगरमध्ये काढलेला. त्याच्यासाठी एओसी-इन-सी हे शिखर. त्यापुढे हवाई दल प्रमुखाची पायरी त्याच्यासाठी कधीच उघडलेली नाही. आजवरचे सगळे भारतीय हवाई दल प्रमुख फ्लाइंग शाखेचे होते.

मराठी माणसाला अभिमान वाटावा अशी नावं त्या यादीत आहेत. हृषीकेश मुळगावकर, अनिल टिपणीस, साताऱ्याच्या सैनिक शाळेत शिकलेले प्रदीप नाईक, आणि मूळचे नांदेड जिल्ह्यातले विवेक राम चौधरी. चौघेही वैमानिक. लढाईचा निर्णय घेणाऱ्याने कॉकपिटमधून लढाई पाहिलेली असावी, हा यामागचा तर्क आहे आणि तो चुकीचा म्हणता येणार नाही. तरी ज्या दलात विमान उडायचं की नाही हे अभियंत्याच्या सहीवर ठरतं, तिथे अभियंत्याचा जिना एका मजल्यावर संपतो, हेही खरं.

याच कमांडच्या इतिहासात एक माणूस असा होऊन गेला की त्याच्याबद्दल इथे लिहिल्याशिवाय राहवत नाही. हरजिंदर सिंग. लाहोरच्या मॅक्लेगन कॉलेजातून अभियांत्रिकी शिकलेला हा तरुण हवाई दल जन्माला येत असताना ‘हवाई सिपाही’ म्हणून, म्हणजे सर्वांत खालच्या पायरीवर भरती झाला. पदवी असताना. स्वातंत्र्यानंतर कानपूरला मोडीत टाकून दिलेली बी-२४ लिबरेटर बॉम्बर विमानं उभी होती. पुन्हा कुणाला वापरता येऊ नयेत म्हणून ती मुद्दाम निकामी करून ठेवली होती. त्यातली कितीतरी दुरुस्त होऊन उडू लागली आणि १९६८ पर्यंत सेवेत राहिली. त्या कामात हरजिंदर सिंग यांचा मोठा वाटा होता. १९५५ मध्ये मेंटेनन्स कमांड स्थापन झाला, तेव्हा त्याचं मुख्यालय कानपूरला होतं आणि प्रमुखपदी हेच हरजिंदर सिंग होते. मुख्यालय नागपूरला आलं ते पुढे.

त्यांचा हुद्दा एअर व्हाइस मार्शल होता, म्हणजे दोन तारे. आज त्याच खुर्चीवर तीन तारे आहेत. त्या काळी हवाई दल प्रमुखही एअर मार्शलच असायचे. अर्जनसिंग यांना १९६६ मध्ये एअर चीफ मार्शल केलं, तेव्हा शिडीचा वरचा टोक एक पायरी उंच झाला आणि खालची पदंही हळूहळू वर सरकली. दल वाढतं तसे तारे वाढतात. एखाद्या कामाला सरकार किती महत्त्व देतं, ते त्या खुर्चीवरच्या ताऱ्यांवरून बऱ्यापैकी कळतं. हीच मोजपट्टी घेऊन आता अंतराळाकडे वळू.

अंतराळाचं मुख्यालय: भारतात किती तारे?

अमेरिकेने २० डिसेंबर २०१९ रोजी ‘स्पेस फोर्स’ हे स्वतंत्र दल उभं केलं. त्याचा प्रमुख ‘चीफ ऑफ स्पेस ऑपरेशन्स’ हा चार ताऱ्यांचा जनरल. पहिले जॉन रेमंड, त्यानंतर २०२२ पासून चान्स साल्ट्झमन. पेंटॅगॉनमधल्या त्यांच्या मुख्यालयात उपप्रमुख आहेत, आणि मोहिमा, गुप्तवार्ता, मनुष्यबळ, नियोजन नि खर्च, तंत्रज्ञान अशा विषयांसाठी वेगवेगळे वरिष्ठ अधिकारी आहेत.

त्यात एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. या स्पेस फोर्सकडे स्वतःचे डॉक्टर, वकील किंवा धर्मगुरू नाहीत. ते सगळं अमेरिकेचं हवाई दल पुरवतं. म्हणजे मोहिमेचे अधिकारी त्यांचे, आणि नागपुरात एसओएकडे असणारं बरंचसं काम उसनं. दल लहान ठेवायचं तर हा शहाणपणाचा मार्ग आहे.

भारताने वेगळी वाट धरली. २०१९ मध्ये बेंगळुरूला ‘डिफेन्स स्पेस एजन्सी’ उभी राहिली. तिन्ही दलांची मिळून, एकात्मिक संरक्षण मुख्यालयाच्या अखत्यारीत. दिल्लीचं उपग्रह-छायाचित्रं तपासणारं केंद्र आणि भोपाळचं उपग्रह नियंत्रण केंद्र या एजन्सीत आलं. तिचे पहिले प्रमुख एअर व्हाइस मार्शल एस. पी. धारकर. पुढे तेच एअर मार्शल होऊन हवाई दलाचे उपप्रमुख झाले. २७ मार्च २०१९ ची ‘मिशन शक्ती’, म्हणजे सुमारे ३०० किलोमीटर उंचीवरचा आपलाच उपग्रह क्षेपणास्त्राने पाडण्याची चाचणी, बरेच जण याच एजन्सीच्या नावावर टाकतात. ती डीआरडीओने केली होती.

आता मोजपट्टी लावा. बेंगळुरूच्या एजन्सीचा प्रमुख दोन ताऱ्यांचा. नागपूरच्या कमांडचा प्रमुख तीन ताऱ्यांचा. म्हणजे विमानांची दुरुस्ती करणाऱ्या मुख्यालयाचं वजन आज अंतराळाच्या मुख्यालयापेक्षा जास्त आहे. हे कमीपणाचं नाही. सुरुवातीच्या काळात मेंटेनन्स कमांडच्या प्रमुखपदीही दोन ताऱ्यांचाच अधिकारी होता. फरक असा की तेव्हा दोन ताऱ्यांवर एकच पायरी उरलेली होती, आज दोन आहेत. तिन्ही दलांच्या तीन-तारा अधिकाऱ्यांच्या बैठकीत दोन ताऱ्यांचा माणूस पैसा, माणसं आणि उपग्रह मागायला बसतो, तेव्हा त्याचा आवाज किती पोहोचतो, हे कुठल्याही सरकारी कचेरीत काम केलेल्या माणसाला सांगायला नको.

कामाचा आवाका मात्र वेगाने वाढतोय. डिसेंबर २०१८ मध्ये जीसॅट-७ए हा हवाई दलासाठीचा दळणवळण उपग्रह सोडला गेला. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राने ५२ टेहळणी उपग्रहांच्या कार्यक्रमाला मंजुरी दिली, खर्च सुमारे २६,९६८ कोटी रुपये. त्यातले ३१ खासगी कंपन्या बांधणार आहेत. हवाई दलाचं नाव बदलून ‘हवाई आणि अंतराळ दल’ करावं अशा प्रस्तावाच्या बातम्या २०२३ च्या अखेरीस आल्या होत्या. फ्रान्सने २०२० मध्ये तसं केलंच आहे. नाव बदलणं सोपं असतं, पण नव्या पाटीमागे कोणत्या खुर्च्या ठेवायच्या, ते ठरवायला वेळ लागतो.

मग अंतराळात ‘मेंटेनन्स’ कोण करणार?

सुखोई ओझरला आणता येतं. उपग्रह आणता येत नाही. वर गेलेल्या यंत्राचा स्क्रू सैल झाला तर तो तसाच राहतो. त्यामुळे अंतराळात देखभालीचा अर्थच बदलतो. जमिनीवर राखीव उपग्रह तयार ठेवायचे, बिघडलेल्याच्या जागी नवा झटपट सोडायचा, सॉफ्टवेअर दुरून सुधारायचं, इंधन किती उरलंय याचा हिशेब ठेवायचा आणि कचऱ्याच्या तुकड्यापासून वाचवण्यासाठी उपग्रह कधी सरकवायचा ते ठरवायचं. यातला प्रत्येक निर्णय मोहिमेचाही आहे आणि देखभालीचाही. विमानाच्या बाबतीत एक उडवणारा आणि एक दुरुस्त करणारा, अशी जी विभागणी आहे, ती इथे पुसट होते. उपग्रह सांभाळणारा अभियंताच तो ‘उडवत’ असतो.

याचा परिणाम पदांवर होईल. वैमानिकालाच वर चढू देणारी शिडी अशा दलात कशी टिकेल? अमेरिकेच्या स्पेस फोर्सचे दोन्ही प्रमुख अंतराळ मोहिमांच्या शाखेतून आलेले अधिकारी होते, लढाऊ वैमानिक नव्हते. भारतात अंतराळ कमांड कधी पूर्ण रूपात आला, तर त्याच्या प्रमुखपदी कुठल्या शाखेचा अधिकारी बसतो, याकडे जालहळ्ळीत शिकणाऱ्या पोरांचं लक्ष असेल.

जमिनीवरचा पसारा मात्र जुन्याच पद्धतीने चालेल. उपग्रहाशी बोलणाऱ्या अँटेनाचं बेअरिंग झिजतं, जनरेटर बंद पडतो, केबल उंदीर कुरतडतात. त्यासाठी सुटे भाग लागतात, कोठार लागतं, हात बसलेला तंत्रज्ञ लागतो आणि दर महिन्याला ‘कमी का पडलं’ असं विचारणारा कुणीतरी लागतो. ही विचारपूस करायची सवय असलेलं मुख्यालय आजच्या घडीला वायुसेनानगरात आहे.